"लाईन गेली त रोबोट काय करन?"

आमच्या गल्लीतल्या काकाजींची अँजिओग्राफी झाली आणि ते नागपूरहून परत यायच्या आधीच तिचा रिपोर्ट पानठेल्यावर पोचला. तीन दिवस तिथं दुसरा विषय नव्हता, सोयाबीनचे भावसुद्धा मागे पडले. एका खाजगी दवाखान्यात त्यांना सांगितलं होतं की बायपास करावी लागेल, आणि तयारी असेल तर रोबोटनं करून देऊ. छाती फाडायची नाही, चार दिवसांत घरी. झालं. एकजण म्हणाला, "आता डॉक्टर चहा पीत बसते अन् मशीन आपोआप कापाकापी करते." दुसऱ्यानं विचारलं, "अन् मंधातच लाईन गेली त रोबोट काय करन?" तिसऱ्याचा निकाल ठरलेला होता: "सारे पैसे काढाचे धंदे हायेत." काकाजी आपला खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारीचं मिश्रण, घोटत ऐकत होते.

यातलं पहिलं वाक्य चूक आहे, दुसरा प्रश्न अगदी शहाणा आहे आणि तिसऱ्याला पुरतं खोटं ठरवता येत नाही. काकाजींसोबत दवाखान्याच्या खेपा मारताना आणि नंतर वाचून-विचारून मला जे उमगलं, ते असं.

पंपाला लागणारी वेगळी लाईन

हृदय म्हणजे मुठीएवढा स्नायूचा पंप. दिवसाला सुमारे एक लाख वेळा तो आवळतो आणि सैल होतो. गंमत अशी की त्याच्या पोटातून दिवसभर रक्त वाहतं, पण त्यातलं त्याला स्वतःला जवळपास काहीच घेता येत नाही. विहिरीतली मोटर पाण्यात बुडालेली असली तरी पाण्यावर चालत नाही, तिला वेगळी लाईन ओढून द्यावी लागते. तसंच हे. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या नळ्या त्याच्या अंगावरूनच धावतात. डावीकडची नळी निघताच दोन फाट्यांत विभागते, उजवीकडची वेगळी. म्हणून 'तीन नसा ब्लॉक' असं आपण ऐकतो. या तिघींत मानकरीण म्हणजे डाव्या नळीचा पुढच्या बाजूनं खाली उतरणारा फाटा. डॉक्टर तिला एलएडी म्हणतात. हे नाव पुढे पुन्हा येणार आहे, तेवढं लक्षात ठेवा. हृदयाच्या स्नायूचा सर्वात मोठा हिस्सा तिच्यावर जगतो.

नस ब्लॉक होणं म्हणजे काय, हे खारपाणपट्ट्यात ठिबक लावलेल्या शेतकऱ्याला समजवायला नको. क्षार साचतात, ड्रिपर चोक होतात, शेवटच्या झाडाला पाणी पोचत नाही. पण एक मोठा फरक आहे. ठिबकच्या नळीत घाण आतून चिकटते, म्हणून ॲसिड सोडून ती धुता येते. हृदयाच्या नळीत चरबी साचते ती भिंतीच्या आत. जणू प्लास्टरच्या खाली पोपडा फुगावा तशी. पुढे तिच्यात चुनाही जमतो. ती खरवडून किंवा धुऊन निघत नाही. 'नसा मोकळ्या करणारे' काढे आणि रस विकणाऱ्यांचं दुकान नेमकं या गैरसमजावर चालतं.

मग औषधांच्या जोडीला दोन वाटा उरतात. चोक झालेल्या जागी आतून जाळीची नळी फुगवून बसवायची, तो स्टेंट. किंवा चोकच्या पुढं, जिथं नळी अजून चांगली आहे तिथं, दुसरीकडून रक्त आणून जोडायचं, ही बायपास. गावाबाहेरून वळसा घालणाऱ्या रस्त्यालाही आपण बायपासच म्हणतो. गावातला रस्ता तुंबलेला तो तुंबलेलाच राहतो, गाड्या बाहेरून जातात.

पाईप कितीचा घेता?

जोडायचा पाईप बाजारात मिळत नाही, रुग्णाच्याच अंगातून घ्यावा लागतो. सर्रास वापरली जाते ती पायातली लांब शीर. ती कापून काढायची, एक टोक हृदयातून निघणाऱ्या मुख्य धमनीला शिवायचं, दुसरं चोकच्या पुढं. पण शिरा म्हणजे हृदयाकडे परत येणारं, दाब ओसरलेलं रक्त वाहून नेणाऱ्या नळ्या. दुकानात पाईप घेताना आपण विचारतो ना, चार किलोचा की सहा किलोचा? पायातली शीर हा कमी किलोचा पाईप. जास्त दाबाच्या लाईनवर तो चालतो, पण लवकर थकतो. दहा वर्षांनी यातल्या साधारण निम्म्या बंद पडलेल्या असतात.

दुसरा पाईप छातीतच असतो. छातीच्या मधल्या हाडाच्या डाव्या कडेनं, आतल्या बाजूनं एक धमनी खाली उतरते. डॉक्टरांच्या बोलीत लिमा. ती जन्मापासूनच दाबाची लाईन. शिवाय तिचं वरचं टोक कापावंच लागत नाही, ते मूळ लाईनला जोडलेलंच असतं. खालचं टोक सोडवायचं, वळवायचं आणि एलएडीला शिवायचं. दोनऐवजी एकच जोड. दहा वर्षांनीही शंभरातल्या नव्वदहून जास्त लिमा वाहत्या सापडतात. १९८६ साली अमेरिकेतल्या क्लीव्हलंड क्लिनिकनं आपल्या हजारो रुग्णांचा दहा वर्षांचा हिशेब मांडला, तेव्हा एलएडीला अशी छातीतली धमनी लावलेले लोक जास्त जगले असं दिसलं. तेव्हापासून जगभरच्या बायपासचा कणा हाच एक जोड आहे. रोबोट असो की नसो.

इथं थोडं आडवळण घेतो. पायातली शीर वापरून बायपासची रीत १९६७ साली बसवली ती रेने फावालोरो या अर्जेंटिनाच्या सर्जननं, क्लीव्हलंडलाच. त्याआधी बारा वर्षं हा माणूस अर्जेंटिनातल्या एका आडगावी साधा गावडॉक्टर होता. आणि १९६७ च्या या बायपासच्याही आधी, १९६४ साली, तेव्हाच्या लेनिनग्राडमध्ये वासिली कोलेसोव यांनी छातीतली धमनी हृदयाच्या नसेला शिवली होती. तीही डाव्या बरगड्यांमधून आत शिरून आणि धडधडत्या हृदयावर. आज ज्याला आपण नवलाईची पद्धत म्हणतो तिची मूळ वाट साठ वर्षं जुनी आहे.

मधलं हाड

मग कोलेसोव यांची वाट मागे का पडली? कारण बरगड्यांच्या फटीतून नीट दिसत नाही आणि हात वळत नाही. छातीचं मधलं हाड उभं कापून दोन्ही बाजू फाकवल्या की सगळं हृदय समोर. तिन्ही नसांना हात पोचतो, काही बिघडलं तर लगेच सावरता येतं. म्हणून जगानं ती मोठी वाट धरली आणि ती उत्तम चालली. लाखो लोक तिच्यामुळे जगले.

तिची किंमत हाडाला मोजावी लागते. ते हाड करवतीनं कापतात आणि शेवटी पोलादी तारांनी बांधतात, पोत्याचं तोंड दाभणानं शिवावं तसं. तारा जन्मभर आत राहतात, त्याचं काही वाटत नाही. पण हाड पक्कं सांधायला दोन-तीन महिने लागतात. तोवर भरलेली बादली उचलायची नाही, हापशी मारायची नाही, मोटरसायकल चालवायची नाही. खाटेवरून उठतानाही हातावर जोर द्यायचा नाही, कुशीवर वळून उठायचं. मृगात ऑपरेशन झालं तर पोळ्याआधी वखराला हात नाही आणि पाठीवर फवारणीचा पंप तर नाहीच नाही. नोकरदाराला रजा मिळते. कोरडवाहू पाच एकरवाल्याचा किंवा रोजानं डवरणीला जाणाऱ्याचा हंगामच जातो. त्यात मधुमेह असेल तर हाडाची जखम पिकण्याचा धोका वाढतो, आणि एकदा ती पिकली की प्रकरण लांबतं.

हाड न कापता लिमा एलएडीला जोडता आली तर? रोबोट आणला आहे तो एवढ्यासाठी. हृदयाचं काम तो जास्त चांगलं करतो असा कुणाचा दावा असेल तर जरा थांबून ऐका.

जेसीबी स्वतः खड्डा खणत नाही

'रोबोट' हा शब्द चेक भाषेतल्या वेठबिगारी या अर्थाच्या शब्दावरून आला, आणि इथं तो अगदी लागू पडतो. हे यंत्र स्वतःच्या मनानं टाचणीएवढंही हलत नाही. जेसीबीचा दांडा ऑपरेटरच्या हातात असतो. तो जेवायला गेला की फावडं जागच्या जागी. तसंच सर्जन त्याच खोलीत, रुग्णापासून काही पावलांवर एका खोक्यापाशी बसतो. डोळ्यांसमोर छातीच्या आतलं मोठं केलेलं, खोली दाखवणारं चित्र. दोन्ही हातांत दांडे, पायाखाली पेडल. रुग्णाशेजारी यंत्राचे लांब हात. सर्जननं मनगट वळवलं की आत करंगळीहून बारीक अवजाराचं टोक तसंच वळतं. चहा प्यायला हात रिकामा नसतो.

यात दोन गोष्टी माणसाच्या हाताला जमत नाहीत. एक, हालचाल लहान करणं: बाहेर हात तीन सेंटिमीटर सरकला तर आत टोक एक सेंटिमीटर सरकेल असं ठरवता येतं. दोन, हाताचा बारीक कंप यंत्र गाळून टाकतं. दुर्बिणीच्या नेहमीच्या ऑपरेशनात सरळ कांड्यासारखी अवजारं असतात, त्यांना मनगट नसतं. इथं टोकाला मनगट आहे.

आता प्रत्यक्ष ऑपरेशन. रुग्णाला पूर्ण भूल. डाव्या बरगड्यांच्या फटींतून तीन छोटी भोकं. भूलतज्ज्ञ डावं फुफ्फुस थोडा वेळ बंद ठेवून उजव्यावर श्वास चालवतात, म्हणजे आत जागा होते. वर कार्बन डायऑक्साइड भरून ती आणखी मोकळी करतात. मग सर्जन यंत्राच्या हातांनी लिमा छातीच्या भिंतीपासून हळूहळू सोडवतो, तिचे बारके फाटे बंद करत. रोबोटचं खरं मोल मला इथंच दिसतं. ही धमनी हाडाच्या मागच्या बाजूनं वरपर्यंत जाते. छोट्या चिऱ्यातून हात घालून ती सोडवणं म्हणजे धान्याच्या कोठीच्या तोंडातून हात घालून आतल्या छताला चिकटलेलं कोळिष्टक अख्खं काढण्यासारखं आहे. जमतं, पण सगळं दिसत नाही आणि बरगड्या फार ताणाव्या लागतात. यंत्राचा कॅमेरा थेट त्या छताकडे बघू शकतो.

पुढं दोन तऱ्हा. जास्त चालणारी तऱ्हा अशी की यंत्र बाजूला करायचं, बरगड्यांमध्ये पाच-सात सेंटिमीटरचा एक चिरा द्यायचा आणि जोड सर्जननं स्वतःच्या हातांनी शिवायचा. दुसऱ्या तऱ्हेत जोडसुद्धा आतल्या आत यंत्राच्या हातांनीच शिवतात, चिरा नाहीच. ही फार अवघड, मोजक्या ठिकाणी होते. युरोपात १९९८ साली अशा बायपास पहिल्यांदा झाल्या. एवढ्या वर्षांनंतर अमेरिकेतसुद्धा शंभर बायपासमागे रोबोटची एखादीच असते, यावरून अवघडपणाचा अंदाज घ्या.

हृदय या काळात बंद केलेलं नसतं. धडधडत असतं. जिथं शिवायचं तेवढीच जागा एक छोटं अवजार चोखून धरून स्थिर करतं. पोळी लाटताना एका हातानं परात दाबून धरावी तसं. जोडाचं तोंड तिळाच्या रुंदीएवढं आणि धागा केसाहून बारीक. धडधडत्या हृदयावर शिवणं ही काही रोबोटची देणगी नाही. भारतातले सर्जन छाती उघडूनही मोठ्या प्रमाणावर असंच करतात आणि त्यात त्यांचा हात जगात वाखाणला जातो.

आता पानठेल्याचा प्रश्न

लाईन गेली तर? मोठ्या दवाखान्यातल्या ऑपरेशन थिएटरला जनरेटर असतो, जनरेटर सुरू होईपर्यंतचे क्षण बॅटरीवर निघतात, आणि रोबोटला स्वतःचीही बॅटरी असते. तेही सगळं हुकलं तर यंत्राचे हात हातानं सोडवून बाहेर काढता येतात. रुग्णाच्या उशाशी दुसरा सर्जन हात धुऊन, कपडे चढवून उभाच असतो. गरज पडली तर छाती नेहमीसारखी उघडून काम पुरं करायचं, याची तयारी आधीपासून टेबलावर मांडलेली असते.

म्हणजे प्रश्नाचं खरं उत्तर विजेत नाही, त्या तयारीत आहे. लाईन जाण्यापेक्षा रक्तस्राव होणं, लिमा सोडवताना दुखावणं, हृदयानं ताण न सोसणं हे जास्त घडू शकतं. रोबोटनं सुरू झालेलं ऑपरेशन छाती उघडून संपणं ही नामुष्की नाही, कधीकधी शहाणपणा असतो. रुग्णाच्या नातेवाईकांनी सही करताना हे वाक्य कागदावर आहे का बघावं. असतंच, आपण वाचत नाही.

आणखी एक उणीव सांगायला हवी. बऱ्याच यंत्रांत सर्जनच्या बोटांना आतला ताण जाणवत नाही. धागा किती ओढला, हे तो डोळ्यांनी ओळखतो. सवयीनं ते साधतं, पण ती सवय रुग्णांवरच होते. म्हणून 'तुमच्याकडं रोबोट आहे का' यापेक्षा 'तुम्ही स्वतः अशा किती केल्या आणि किती वेळा छाती उघडावी लागली' हे विचारणं कामाचं. चांगला सर्जन याचा राग मानत नाही. काकाजींसोबत मी विचारलं तेव्हा समोरच्या बाईंनी छापील पत्रक पुढं केलं. त्यात यंत्राचा फोटो होता, आकडा नव्हता. त्या सर्जन नव्हत्या, पॅकेज समजावणाऱ्या होत्या.

मग काकाजींची तशी का नाही केली?

दुसऱ्या एका सर्जनकडे फाईल नेली. त्यांनी सीडी पाहिली आणि काकाजींना दोन प्रश्न विचारले. पहिला, "टीबी झाला होता का?" वीस वर्षांपूर्वी झाला होता, गोळ्यांचा कोर्सही पूर्ण केला होता. दुसरा, "दम लागतो का?" लागतो.

जुन्या टीबीनंतर फुफ्फुस छातीच्या भिंतीला चिकटून बसलेलं असू शकतं. मग यंत्राला फिरायला जागा होत नाही. आणि ज्याचं फुफ्फुस आधीच कमजोर, त्याला एकाच फुफ्फुसावर तासन् तास ठेवणं जोखमीचं. शिवाय काकाजींच्या तिन्ही नसा खराब. रोबोटची वाट सर्वात सोयीची पडते ती एलएडीला लिमा जोडायला. हृदयाच्या मागच्या अंगाच्या आणि उजव्या नसेपर्यंत त्या वाटेनं पोचणं अवघड. काही निष्णात लोक पोचतात, पण ती सरसकट गोष्ट नाही. हृदयाचा जोर फार कमी असेल, छातीचं ऑपरेशन आधी झालेलं असेल किंवा रुग्ण अटॅकमध्ये घायकुतीला आलेला असेल, तरीही मोठीच वाट धरतात.

पेच असा होता की काकाजींना मधुमेह आहे, म्हणजे हाड न कापणं त्यांच्या फायद्याचं. एका कारणानं रोबोट हवा, तीन कारणांनी नको. सर्जन म्हणाले, "हाडाची जखम मी सांभाळीन, अर्धवट बायपास सांभाळता येणार नाही." काकाजींची बायपास छाती उघडून झाली. एलएडीला लिमा, बाकी दोन नसांना पायातली शीर.

'स्टेंट टाकून मोकळं व्हा ना'

काकाजींच्या जावयाचं हे म्हणणं होतं आणि पुष्कळांचं असतं. एखाद्या जागचा चोक असेल तर ते बरोबरही आहे. अटॅक येत असताना तर अँजिओप्लास्टी, म्हणजे नस आतून फुगवून स्टेंट बसवणं, हेच आधी, बायपासची वाट बघत नाहीत. पण मधुमेह आणि एकाहून जास्त नसा खराब, अशांची गोष्ट वेगळी. १९०० मधुमेही रुग्णांवरचा एक मोठा अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. कुणाला स्टेंट आणि कुणाला बायपास हे चिठ्ठ्या टाकाव्यात तसं ठरवलं होतं. पाच वर्षांत स्टेंटवाल्यांपैकी शंभरी सोळा दगावले, बायपासवाल्यांपैकी अकरा. लकवा मात्र बायपासवाल्यांत जास्त होता, शंभरी पाच विरुद्ध अडीच. दोन्ही आकडे सांगायला हवेत. बहुतेक ठिकाणी एकच सांगतात.

मधली वाटही आहे. एलएडीला रोबोटच्या साह्यानं लिमा आणि उरलेल्या नसांत स्टेंट. म्हणजे जिथं लिमाला तोड नाही तिथं लिमा, बाकीकडं सोय. योग्य रुग्णाला हे छान पडतं. पण हृदयाचे फिजिशियन आणि सर्जन एका टेबलावर बसून ठरवणारे हवेत.

रोबोटवाली आणि छाती उघडून केलेली बायपास यांची अशीच चिठ्ठ्यांवरची मोठी तुलना मात्र झालेली नाही. दुखणं कमी, रक्त कमी जाणं, लवकर कामावर परतणं, हे फायदे अनुभवी केंद्रांच्या आकड्यांत दिसतात. मला ते खरे वाटतात. पण जिथं निवडक रुग्ण आणि मुरलेले हात असतात, तिथले आकडे कुठल्याही दवाखान्याला चिकटवता येत नाहीत.

पैसे काढाचे धंदे?

यंत्राची किंमत कोटींत. वर त्याची अवजारं ठरावीक वेळा वापरली की यंत्र त्यांना नाकारतं, मोबाईलचं रिचार्ज संपावं तसं. हा खर्च प्रत्येक रुग्णाच्या बिलात येतो. यात लबाडी नाही. लबाडी सुरू होते ती रोबोटच्या यादीत न बसणाऱ्या रुग्णालाही 'छाती फाडायची नाही' असं सांगून पॅकेज गळ्यात घालण्यात.

आपल्याकडे अजून ज्याला सगळे 'जीवनदायी' म्हणतात, ती योजना २०१२ साली आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत गडचिरोली आणि अमरावती होते. आता ती महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना. वर्षाला कुटुंबामागं पाच लाखांपर्यंतचं संरक्षण आहे आणि साधी बायपास त्यात होते. रोबोटचा जास्तीचा खर्च कुणी भरायचा, हे भरती होण्याआधी दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला विचारा आणि लिहून घ्या. स्वतःचा आरोग्य विमा असेल तर विमा नियामकानं २०१९ साली रोबोटिक शस्त्रक्रिया आधुनिक उपचारांच्या यादीत घातल्या आहेत, पण पॉलिसीत त्यासाठी वेगळी मर्यादा घातलेली असू शकते. ती ओळ बारीक अक्षरात असते.

साध्या बायपाससाठी वावर गहाण ठेवावं लागत नसेल आणि रोबोटसाठी ठेवावं लागत असेल, तर ते ठेवू नये, हे मी कुणालाही सांगेन. आतला जोड तोच आहे.

नागपुरात बसून भामरागडचं ऑपरेशन?

२००१ साली न्यूयॉर्कमध्ये बसलेल्या सर्जननं फ्रान्समधल्या स्त्रासबुर्गच्या बाईची पित्ताची पिशवी रोबोटनं काढली. भारतात डॉ. सुधीर श्रीवास्तव यांच्या कंपनीनं 'मंत्रा' नावाचा देशी रोबोट बनवला आणि जानेवारी २०२५ मध्ये गुरुग्रामहून जयपूरच्या रुग्णांवर हृदयाच्या शस्त्रक्रिया झाल्या. अंतर पावणेतीनशे किलोमीटरच्या वर. मग आपल्याकडं का नाही?

दांडे हलवणारा माणूस दूर बसू शकतो. पण भूल देणारा, उशाशी उभा राहणारा दुसरा सर्जन, रक्तपेढी, अतिदक्षता विभागातल्या रात्रपाळीच्या सिस्टर, हे सगळं रुग्णाशेजारी लागतं. जयपूरलाही ते होतंच. ज्या गावात हे सगळं असेल तिथं सर्जनही असतो. पर्लकोटा नदीला पूर आला की गडचिरोलीतल्या भामरागडचा रस्ताच तुटतो. तिथं आधी ईसीजी आणि तो लगेच वाचणारा कुणीतरी हवा. अटॅकच्या पहिल्या काही तासांत गुठळी विरघळवणारं इंजेक्शन ग्रामीण रुग्णालयात मिळालं, तर पुढं बायपाससाठी नागपूरला न्यायला माणूस उरतो. छातीत दाबल्यासारखं होतंय, घाम फुटलाय, डावा हात किंवा जबडा भरून येतोय, तर 'गॅस असन' म्हणून सोडा पीत बसण्यात हे तास जातात. बायांना तर पुष्कळदा नुसता थकवा आणि दम एवढंच होतं, आणि वेचणीच्या दिवसांत त्याकडं कोण बघतो. १०८ ला फोन करायचा तो तेव्हा.

घरी आल्यावर

बायपासनं बिमारी जात नाही. नळ्यांच्या भिंतीत चरबी भरणारी कारणं तशीच असतात आणि नवा पाईपही चोक होऊ शकतो. रक्त पातळ ठेवणारी आणि चरबीची गोळी बहुधा आयुष्यभर चालते. बरं वाटतंय म्हणून ती बंद करणारे पुष्कळ भेटतात. "मी बिडी कुठं पितो, खर्राच त खातो" हेही चालत नाही. तंबाखू धुरातून गेली की गालातून, निकोटीन रक्तातच जातं, आणि नसा आवळतं.

डिस्चार्ज कार्डासोबत ऑपरेशनची टिपण मागून घ्या. कोणत्या नसेला कोणता पाईप, हे त्यात लिहिलेलं असतं. दहा वर्षांनी पुन्हा छातीत दुखलं तर तिथल्या डॉक्टरला सर्वात आधी तोच कागद लागेल. काकाजींनी तो सातबाऱ्याच्या पिशवीत ठेवलाय. हाड सांधतंय, वेचणी मजुरांकडून करून घेतली, चार फेऱ्या चालतात. संध्याकाळी पानठेल्यावर मात्र जातातच. फक्त चहा घेतो म्हणतात. पानठेलेवाल्याला विचारलं, तर तो आमच्याकडं न बघता सुपारी कातरत राहतो.